मुंबईचा कारभारी कोण?

फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू हलक्या वाहनांसाठी खुली झाली. सव्वा वर्षाहून अधिक काळ हा पूल बंद होता आणि अंधेरीचे पूर्व-पश्चिम दळणवळण विस्कटून गेले होते. पूल सुरू झाला तेव्हा लक्षात आले, की पश्चिमेकडे जुहूच्या दिशेने जाणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही. पूर्वी हे दोन्ही पूल एकमेकांना जोडलेले होते. पूर्वेकडून आलेली गाडी स्थानकाजवळच्या कोंडीत न उतरता थेट जुहूकडे निघून जात असे. आता नवा पूल वर, जुना पूल खाली आणि मध्ये मीटरभराहून अधिक उंचीचा फरक.

हा फरक कोणाच्या एका चुकीतून आला, असे म्हणता येत नाही. रेल्वेरुळांवरून जाणारा पूल किती उंच असावा याचे रेल्वेचे निकष बदलले होते, म्हणून नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधणे भाग होते. रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत, दोन्ही बाजूंचे उतार महापालिकेचे. जुना पूल रुळांवर पाडण्याचे काम रेल्वेने केले, नवा बांधण्याचा खर्च महापालिकेने उचलला. प्रत्येकाने आपापल्या हद्दीतले काम केले. दोन हद्दी जिथे भेटतात तिथले काम मात्र वेळेत कोणी पाहिले नाही. पुढे तज्ज्ञ संस्थांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल हायड्रॉलिक जॅकने उचलावा लागला आणि जुलै 2024 मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. संपूर्ण गोखले पूल सुरू व्हायला मे 2025 उजाडला.

या कहाणीची सुरुवात त्याहून जुनी आणि दुःखाची आहे. 3 जुलै 2018 च्या सकाळी याच पुलाच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला आणि दोघांचा जीव गेला. पुलाची निगा राखण्याची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, यावर त्या दिवसापासून वाद सुरू झाला. पुढच्याच वर्षी, 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल पडला. तेव्हाही पहिले काही तास पूल कोणाचा, याच प्रश्नावर गेले.

पूल कोणाचा, नाला कोणाचा, रस्ता कोणाचा, या प्रश्नांच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे: सव्वा कोटी लोकांच्या या शहराचा कारभारी नेमका कोण? मतदार नगरसेवक निवडून देतात, नगरसेवक महापौर निवडतात. पण शहराचे मोठे निर्णय ज्यांच्या सहीने होतात त्यांतले बहुतेक जण मुंबईच्या मतदाराला उत्तर द्यायला बांधलेले नाहीत. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

आयुक्त आधी, लोकप्रतिनिधी नंतर

1865 मध्ये मुंबईसाठी नवा कायदा झाला. नगराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे आणि प्रत्यक्ष अंमलबजावणी एका आयुक्ताकडे, अशी त्याची रचना होती. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. कापसाच्या तेजीने शहर फुगले होते. वस्ती दाट, गटारे उघडी, रोगराई कायमची पाहुणी. क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे आणि बाजार यांची कामे धडाक्याने हाती घेतली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणून ओळखला जाणारा क्रॉफर्ड मार्केट हा बाजार त्यांच्याच काळात, 1869 मध्ये उभा राहिला.

कामे झाली, पण पैशाचा हिशेब हाताबाहेर गेला. कर वाढले, कर्ज वाढले आणि आयुक्तांना विचारणारे परिणामकारक असे कोणी नव्हते. 1871 मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन उभारले. अनेकांचे म्हणणे होते, आयुक्तपदच नको, कारभार मंडळाच्या हाती द्या. त्या वादात ऐन तरुण वयातील फिरोजशहा मेहता यांनी वेगळी बाजू मांडली. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असणे योग्यच आहे, पण त्याच्यावर नजर ठेवणारे मंडळ करदात्यांनी निवडलेले असले पाहिजे, असे त्यांचे मत होते. त्यांचा रोख हुकमत करणाऱ्या आयुक्तापेक्षा निवडणुकीविना चालणाऱ्या मंडळावर होता.

1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महापालिका आली. त्यातले निम्मे म्हणजे 32 सदस्य करदात्यांनी निवडायचे होते. मताचा अधिकार मूठभर श्रीमंतांपुरता होता, तरी निवडणुकीचे तत्त्व मान्य झाले. पुढे 1888 मध्ये मुंबई महानगरपालिका अधिनियम झाला आणि त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे तो याच कामामुळे. सर्व प्रौढांना मताचा अधिकार मिळून पहिली निवडणूक झाली ती 1948 मध्ये. 1950 आणि 1957 मध्ये हद्द वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. मतदार वाढले, शहर वाढले, पण पाया 1888 चाच राहिला. पुष्कळ दुरुस्त्यांसह तोच कायदा आज मुंबईला लागू आहे.

एका प्रस्तावाचा प्रवास

या कायद्याने अधिकार तीन ठिकाणी वाटले: सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त. सभागृहात 227 निवडून आलेले नगरसेवक असतात. 2011 च्या जनगणनेचा आकडा धरला, तर एका नगरसेवकामागे सरासरी पंचावन्न हजार माणसे येतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांची वस्ती याहून कमी आहे.

आयुक्त भारतीय प्रशासकीय सेवेतला अधिकारी असतो आणि त्याची नेमणूक राज्य सरकार करते. कायद्याप्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. महापौर सभागृहाचे अध्यक्षस्थान भूषवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून पाहुण्यांचे स्वागत करतो. पण एखाद्या अभियंत्याची बदली करण्याचा किंवा एखादे काम थांबवण्याचा हुकूम त्याला देता येत नाही. अडीच वर्षांची मुदत संपली, की नवा महापौर. एवढ्या काळात एखाद्या खात्याचा नीट अभ्यासही होत नाही.

लोकप्रतिनिधींची खरी ताकद असते ती स्थायी समितीत. समजा, परळमध्ये पर्जन्यजलवाहिनी मोठी करायची आहे. खात्याचे अभियंते अंदाजपत्रक तयार करतात, निविदा निघते, सर्वांत कमी दराचा ठेकेदार निश्चित होतो. रक्कम ठरावीक मर्यादेपुढे असेल, तर आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो. 27 सदस्यांची ही समिती साधारण दर आठवड्याला भरते. तिथे कोणी हरकतीचा मुद्दा मांडतो: ठेकेदार आधी काळ्या यादीत होता का? दर अंदाजापेक्षा इतका खाली कसा, काम निकृष्ट होणार नाही ना? माझ्या वॉर्डातला नाला यातून का वगळला? मग प्रस्ताव मंजूर होतो, माहितीसाठी राखून ठेवला जातो, प्रशासनाकडे फेरविचारासाठी परत जातो किंवा दप्तरी दाखल होतो. दप्तरी दाखल म्हणजे तो तिथेच संपला.

या समितीवर ठेकेदारांशी हातमिळवणीचे आरोप वर्षानुवर्षे झाले आणि त्यातले सगळे निराधार होते असे मानण्याचे कारण नाही. तरीही तिचे एक मोल आहे, ते विसरू नये. कोट्यवधींचा प्रस्ताव तिथे पत्रकारांसमोर येतो. विरोधी पक्षाचा नगरसेवक त्यावर प्रश्न विचारतो आणि उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येते. भ्रष्टाचाराला वचक बसायचा असेल, तर चर्चा उघड्यावर होण्याची ही जागा टिकली पाहिजे आणि तिच्यावर मतदारांची नजर राहिली पाहिजे.

निवडणुकीतून आलेल्या लोकांना कार्यकारी अधिकार देण्याचा एक प्रयत्न झाला होता. 1998 मध्ये मुंबईत 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आली. महापौर आणि त्याचे सहकारी मिळून मंत्रिमंडळासारखा कारभार करणार, अशी ती कल्पना होती. वर्षभरातच ती गुंडाळली गेली. कोलकात्यात 1980 च्या कायद्याने आलेली हीच पद्धत आजही चालते. महापौराला खरे अधिकार दिले की शहर कोसळते, असा पुरावा आपल्याच देशात सापडत नाही.

एक शहर, अनेक मालक

महापालिकेच्या आतली ही विभागणी समजली, तरी चित्र अर्धेच पुरे होते. कारण शहराचा फार मोठा भाग महापालिकेच्या हातातच नाही.

दादरच्या कुठल्याही पदपथावर उभे राहून भोवती पाहा. पदपथ महापालिकेचा, त्यावरचे झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे. समोर चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलणार वाहतूक पोलीस, ते राज्याच्या गृहखात्याखाली. पुढचे स्थानक रेल्वेचे, म्हणजे केंद्राचे. मागची जुनी उपकरप्राप्त इमारत धोकादायक झाली, तर तिची दुरुस्ती म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मंडळाकडे. शेजारच्या झोपडपट्टीचा पुनर्विकास 1995 मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे. मेट्रोसाठी खणलेला रस्ता एमएमआरडीए किंवा मेट्रो कंपनीच्या ताब्यात. वीज, गॅस आणि इंटरनेटसाठी वेगवेगळ्या कंपन्या चर खणतात. चर बुजवण्याचे काम महापालिकेचे, त्यासाठी वेगळी निविदा, वेगळा ठेकेदार. नवा रस्ता पुन्हा का खणला, हे विचारायला गेलेल्या माणसाला निदान चार कार्यालये फिरावी लागतात.

1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, वांद्रे-कुर्ला संकुल वसवले, मेट्रोच्या अनेक मार्गिका हाती घेतल्या आणि जानेवारी 2024 मध्ये खुला झालेला सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू बांधला. ठाणे, वसई, नवी मुंबई आणि मुंबई यांना एकत्र पाहणारी यंत्रणा हवीच, कारण लोकल पकडणारा माणूस महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. राज्य सरकारच्या बाजूने हे मोठे आणि खरे कारण आहे. प्रश्न एवढाच, की या प्राधिकरणाचे निर्णय मंत्री आणि सनदी अधिकारी घेतात आणि ज्याच्या घरासमोर खांब उभा राहतो त्या रहिवाशाला आपला प्रतिनिधी तिथे दिसत नाही.

हद्दींची ही वाटणी किती महाग पडते, याचा सर्वांत मोठा धडा मिठी नदीने दिला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीला महापूर आला. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाते, लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. वाटेत तिच्या काठावर झोपड्या, कारखाने आणि गोदामे उभी राहिली होती. विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला काटकोनात वळवून नेले होते. खाडीच्या तोंडाशी भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल वाढवले होते. प्रत्येक काम वेगळ्या यंत्रणेने आपापल्या गरजेने केले. पाण्याला जायला जागा उरली का, हे पाहणे कोणा एकाचे काम नव्हते.

महापुरानंतर नदीच्या रुंदीकरणाचे काम ठरले, तेव्हाही नदी वाटली गेली. वरचा सुमारे बारा किलोमीटरचा भाग महापालिकेकडे, खाडीकडचा सहा किलोमीटरचा एमएमआरडीएकडे. पाणी मात्र एकच. वरचा गाळ काढला आणि खालचा राहिला, तर कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या माणसाच्या घरात पाणी शिरतेच.

एका बाबतीत उलट दिशेनेही पाऊल पडले, याची नोंद घ्यायला हवी. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग 2022 च्या अखेरीस एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. निदान त्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांसाठी आता विचारायचे कोणाला, हे स्पष्ट झाले.

तिजोरी आणि तिची किल्ली

मुंबई महापालिका देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका आहे. 2025-26 चा तिचा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता, म्हणजे गोवा राज्याच्या अर्थसंकल्पापेक्षा कितीतरी मोठा. केईएम, शीव, नायर आणि कूपर ही रुग्णालये ती चालवते. तिच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा अनेक माध्यमांतून मुले शिकतात. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून रोज जवळपास 390 कोटी लिटर पाणी ती शहराला पुरवते. जगातल्या फार थोड्या महापालिकांवर एवढा भार आहे.

ही श्रीमंती बरीचशी जकातीने आली होती. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथल्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि त्यातून दरवर्षी सात हजार कोटींच्या आसपास रोख पैसा महापालिकेच्या तिजोरीत पडत असे. जकात व्यापाराला जाचक होती, भ्रष्टाचाराला वाव देणारी होती. पण ती महापालिकेची स्वतःची होती. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि मुंबईतली जकात गेली. तिच्या बदल्यात राज्य सरकारने कायदा करून भरपाई देण्याचे मान्य केले. 2016-17 ची वसुली पायाभूत धरून त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ, असे सूत्र ठरले.

भरपाई येते, ती नियमित आल्याने महापालिकेचे गाडे चालते. तरीही स्वतः गोळा केलेला कर आणि वरून आलेला हप्ता यांत फरक आहे. आज महापालिकेच्या उत्पन्नातली ही सर्वांत मोठी बाब राज्याच्या तिजोरीतून येते. उरलेल्या दोन मोठ्या बाबी म्हणजे मालमत्ता कर आणि बांधकामांच्या परवानग्यांतून मिळणारे अधिमूल्य. मालमत्ता करातही धोरण राज्य ठरवते. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून करमाफी मिळाली. लहान घरात राहणाऱ्या लाखो कुटुंबांना त्याचा दिलासा मिळाला, हे खरे. पण पैसा गेला महापालिकेचा आणि निर्णय झाला मंत्रालयात. बांधकामांच्या उत्पन्नाचे तर सरळ गणित आहे: जितके टॉवर जास्त, तितका पैसा जास्त. ज्या महापालिकेने उंच इमारतींना गटारे, पाणी आणि रस्ते पुरतील का हे तपासायचे, तिचेच पोट त्या इमारतींवर भरते.

घटनेने दिलेले, हातात न आलेले

1992 मध्ये संसदेने 74 वी घटनादुरुस्ती संमत केली आणि 1 जून 1993 पासून ती लागू झाली. नगरपालिकांना पहिल्यांदा घटनेत स्थान मिळाले. बाराव्या अनुसूचीत नगररचना, रस्ते व पूल, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा असे 18 विषय आले. महापालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे कलम 243-यू सांगते.

पण या 18 विषयांतले किती विषय द्यायचे, हे ठरवण्याची मुभा राज्याच्या विधिमंडळाला दिली गेली. त्यामुळे निकाल राज्याच्या इच्छेवर राहिला. मुंबईचा विकास आराखडा महापालिका करते, मंजुरी राज्याची. त्याच आराखड्याच्या आत वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या मोक्याच्या भागांसाठी वेगळी विशेष नियोजन प्राधिकरणे. झोपडपट्टीतले नळ आणि शौचालये महापालिकेने सांभाळायची आणि तिथल्या जमिनीचे भवितव्य राज्याच्या प्राधिकरणाने ठरवायचे. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे चाळीस टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. एवढ्या माणसांच्या घराचा प्रश्न ज्या सभागृहात यायला हवा, तिथे तो येतच नाही.

राज्य सरकार हात आखडता का घेते, याचे उत्तर पक्षांच्या नावात शोधून सापडत नाही. आजवर सत्तेत आलेल्या सगळ्यांनी हेच केले. मुंबईची जमीन हे राज्यातले सर्वांत मौल्यवान साधन आहे. नगरविकास खाते बहुधा मुख्यमंत्री स्वतःकडे किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवतात, ते यामुळेच. त्यातून 1985 नंतर बराच काळ महापालिकेत शिवसेनेची सत्ता आणि राज्यात अनेकदा दुसऱ्याच पक्षाची, असे चित्र राहिले. विरोधकाच्या हातातली महापालिका बळकट करायला कोणता सत्ताधारी तयार होईल? आणि आपलीच महापालिका असेल, तेव्हा ते करण्याची निकड वाटत नाही.

जवळपास चार वर्षे बंद सभागृह

फेब्रुवारी 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. निवडणूक झाली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये तिहेरी कसोटी सांगितली होती, ती पुरी करायला वेळ लागला. मधल्या काळात एका सरकारने नगरसेवकांची संख्या 227 वरून 236 केली, पुढच्या सरकारने ती पुन्हा 227 वर आणली. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे नेणारे विधेयक मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने एकमताने संमत केले. एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष या एका गोष्टीवर सहमत होते, हे मतदारांनी लक्षात ठेवायला हवे. प्रकरणे न्यायालयात अडकली. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तरी पुन्हा मुदतवाढ लागली आणि मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी.

या काळात काय झाले? प्रस्ताव मांडणारा आयुक्त, स्थायी समितीच्या वतीने मंजूर करणारा प्रशासक, सभागृहाच्या वतीने शिक्कामोर्तब करणारा प्रशासक आणि तीनही ठिकाणी अधिकारी एकच. देशातला सर्वांत मोठा महापालिका अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या नगरसेवकाच्या भाषणाविना वर्षामागून वर्षे मंजूर झाला. रस्ते काँक्रीटचे करण्याची हजारो कोटींची कामे याच काळात निघाली. सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च 2024 मध्ये खुला झाला. कामे थांबली नाहीत, काही वेगाने झाली. पण प्रश्न विचारण्याची जागा बंद राहिली.

मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. 2023 मध्ये मुंबई उपनगराच्या पालकमंत्र्यांना महापालिका मुख्यालयातच दालन मिळाले आणि त्यावरून वादळ उठले. नगरसेवक निधीऐवजी आमदार-खासदारांच्या मागण्यांनुसार विकासकामांना पैसे देण्याची पद्धत आली. विरोधी आमदारांनी आपल्याला डावलल्याची तक्रार केली. राज्याचे राजकारण वॉर्डातल्या गटारापर्यंत उतरले.

सर्वसामान्य माणसाला हे राजकारण दिसत नसेल, पण अडचण दिसत होती. चाळीतले गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, सार्वजनिक शौचालयाचा दरवाजा तुटला, की माणूस नगरसेवकाच्या कार्यालयात जातो. नगरसेवक ज्युनिअर इंजिनिअरला फोन लावतो, मुकादमाला बोलावतो, चोकअप काढून घेतो. टॉवरमधल्या सोसायटीकडे वकील असतो, ओळखी असतात, खासगी टँकर बोलावण्याची ऐपत असते. गोवंडीच्या वस्तीतल्या बाईकडे एवढा एकच दरवाजा असतो. तो चार वर्षे बंद राहिला, तेव्हा सर्वाधिक किंमत तिनेच मोजली.

काय बदलायला हवे

मुंबईच्या प्रश्नांवर तंत्रज्ञ हवेत, पैसा हवा, पंप हवेत, पूल हवेत. हे सगळे या शहराकडे इतर शहरांच्या तुलनेत बरेच आहे. कमी आहे ती उत्तरदायी सत्ता. ती आणण्यासाठी चार गोष्टी करता येतील आणि त्यातली एकही अशक्य नाही.

पहिली, निवडणूक वेळेवर. प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत राज्य निवडणूक आयोगाकडे पूर्णपणे असावी. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी हे काम पुरे झालेच पाहिजे, असे कायद्यात बंधन घालावे. प्रशासक नेमावाच लागला, तर त्याची मुदत सहा महिन्यांपुढे जाऊ नये.

दुसरी, अधिकार आणि उत्तरदायित्व एकाच जागी. महापौर आणि त्याच्या परिषदेला पूर्ण पाच वर्षे आणि खरे कार्यकारी अधिकार मिळाले, तर चांगल्या-वाईट कामाचे माप मतदाराला त्यांच्या पदरात घालता येईल. आयुक्त प्रशासनाचा प्रमुख राहील, पण त्याचा वरिष्ठ मंत्रालयात नसून सभागृहात असेल. लंडनमध्ये 2000 पासून महापौर थेट निवडला जातो आणि शहरातल्या बस आणि भुयारी रेल्वेच्या यंत्रणेसाठी तो जबाबदार आहे. तिथल्या मतदाराला प्रवासाबद्दल कोणाला जाब विचारायचा, हे ठाऊक असते.

तिसरी, सर्व यंत्रणांचा हिशेब एका व्यासपीठावर. एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, मेट्रो कंपन्या आणि रेल्वे यांनी मुंबईतली आपली कामे, खर्च आणि वेळापत्रक वर्षातून निदान दोनदा महापालिकेच्या सभागृहापुढे मांडावे. दोन हद्दी भेटतात तिथल्या प्रत्येक कामासाठी एकाच अधिकाऱ्याचे नाव जाहीर असावे.

चौथी, वॉर्डातला नागरिक. मुंबईत प्रभाग समित्या आहेत, पण त्यांत नगरसेवकांखेरीज सामान्य रहिवाशांना फारसा आवाज नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी कचऱ्याचे वर्गीकरण सुरू केले आणि त्यातून शहरभर गल्लीपातळीवरच्या नागरिक गटांची कल्पना रुजली. आपल्या वॉर्डाच्या पैशाचा काही भाग कशावर खर्च व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार अशा रहिवाशांना मिळाला, तर तक्रार करणारा माणूस निर्णय घेणारा होईल.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आपल्या वॉर्डाची अर्थसंकल्पातली तरतूद वॉर्ड ऑफिसमध्ये मागता येते. 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवता येतो. रस्त्याच्या कामाचा ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी किती, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने किती वर्षे फुकट दुरुस्त करायचे, हे माहिती अधिकारात विचारता येते. नगरसेवकाने सभागृहात वर्षभरात किती प्रश्न विचारले, याची यादी मागून ती सोसायटीच्या सूचनाफलकावर लावता येते. दहा इमारतींनी मिळून हे केले, तर त्या वॉर्डाचा अधिकारी फाइल उघडून बसतो.

1871 मध्ये करदात्यांनी जाब विचारला, म्हणून 1872 मध्ये निवडणुकीचा कायदा आला. त्यांच्याकडे मत नव्हते, माहिती अधिकार नव्हता, घटनेचे संरक्षण नव्हते. आपल्याकडे हे तिन्ही आहे. पुढच्या वेळी आमदारकीचा उमेदवार दारात आला, की त्याला रस्त्याच्या खड्ड्याआधी एक प्रश्न विचारावा: माझ्या महापालिकेला तिचे अधिकार देणारा कायदा तुम्ही विधानसभेत मांडणार का? कारण मुंबईचा कारभारी ठरवण्याचा अधिकार आज त्याच सभागृहात अडकलेला आहे आणि तिथून तो सोडवून आणणे मतदारांनाच शक्य आहे.